केआय-६७ चाळीस टक्के, ग्रेड मॉडरेट: तोंडाच्या कर्करोगाचा अहवाल कसा वाचावा?

वणीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. तरुणपणापासून ते खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खात आले. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांच्या लगत, काही महिने न भरणारी जखम होती. दाढेची कड टोचते म्हणून ती अंगावर काढली गेली. शेवटी तुकडा काढून तपासला, तेव्हा अहवालात ‘वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ (तोंडाच्या अस्तरातून उगवणारा, पेशी बर्‍यापैकी मूळ रूपात असलेला कर्करोग) असे आले. पुढे साधारण तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली. गालाचा तो भाग, खालच्या जबड्याची वरची कड आणि मानेच्या डाव्या बाजूच्या लसिका गाठी काढण्यात आल्या. मानेत हाताला लागणारी गाठ आधी नव्हती.

शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात मात्र ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड’ असे लिहिले आहे. अर्बुदाचा आकार २.८ सेंटिमीटर, आत शिरण्याची खोली ८ मिलिमीटर, सर्वांत जवळची कड ७ मिलिमीटरवर मोकळी, हाडात शिरकाव नाही, मज्जातंतूंभोवती व रक्तवाहिन्यांत प्रसार नाही, मानेतील ३१ गाठींपैकी १ बाधित, त्या गाठीच्या आवरणाबाहेर प्रसार नाही. शेवटी पीटी-२, पीएन-१ (अर्बुदाची आणि गाठींची पायरी) असे नोंदले आहे.

एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून आम्ही पॅराफिन ब्लॉक (काढलेल्या ऊतीचे मेणात बसवलेले ठोकळे) दुसर्‍या प्रयोगशाळेत पाठवून केआय-६७ ही पेशीविभाजनाची तपासणी करून घेतली. तिचे उत्तर ४० टक्के आले असून खाली ‘पेशीविभाजनाचा वेग अधिक’ असा शेरा आहे. स्तनाच्या कर्करोगात ३० टक्के म्हणजे जास्त, असे वाचनात आल्यापासून घरात कोणाला झोप नाही.

माझे प्रश्न असे आहेत. तीन आठवड्यांत रोग ‘वेल’वरून ‘मॉडरेट’वर गेला, म्हणजे उशीर झाला का? ४० टक्के हा आकडा ग्रेडपेक्षा अधिक खरा मानावा का? पीसीएनए, पी-५३, पी-१६ या मार्करच्या, म्हणजे पेशीतील ठरावीक प्रथिने रंगवून पाहण्याच्या, तपासण्याही करून घ्याव्यात का? सर्जननी रेडिओथेरपी विभागात भेटायला सांगितले आहे, परंतु सर्व मार्कर हातात आल्यावर एकदाच जाऊ, असे आम्ही ठरवले आहे. आज शस्त्रक्रियेला २६ दिवस झाले.

स्लाइडवाचक (मुखविकृतिशास्त्र)

आपण अहवाल नीट उतरवून दिला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. शेवटच्या वाक्याबद्दल मात्र आधीच सांगतो: रेडिओथेरपीची भेट कोणत्याही मार्करसाठी अडवून ठेवू नका. कारण पुढे येईलच, आणि सर्जन मंडळी ते माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

पहिला प्रश्न ग्रेडचा. तीन आठवड्यांत रोगाची जात बदलली, असे समजण्याचे कारण नाही. बायोप्सीचा तुकडा काही मिलिमीटरचा असतो आणि बहुधा वरच्या भागातून, जिथे चिमटा सहज पोहोचतो तिथून घेतलेला असतो. त्या भागात पेशी मूळ उपकलेसारख्या (तोंडाच्या अस्तरातील पेशीथरासारख्या) पुष्कळ दिसतात, केराटिन हे कठीण प्रथिन भरपूर तयार करतात, आणि कांद्याच्या पाकळ्यांसारखे केराटिनचे मोती जागोजागी आढळतात. संपूर्ण अर्बुद हातात आल्यावर आम्ही ते उभे कापून तळापर्यंत पाहतो, आणि तळाशी तेच अर्बुद लहान लहान बेटांत तुटलेले, केराटिन विसरलेले, केंद्रके लहानमोठी झालेले असे दिसू शकते. एकाच शेताच्या बांधावरची आणि मधली माती वेगळी निघावी, तसे हे आहे. बायोप्सीचा ग्रेड हा त्या तुकड्याचा असतो. अंतिम अहवालाचा ग्रेड संपूर्ण अर्बुदाचा असतो, आणि दोहोंत फरक पडला तर दुसरा धरायचा.

ग्रेड ही संकल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील ब्रॉडर्स यांनी १९२० साली ओठाच्या कर्करोगासाठी चार श्रेणी मांडल्या आणि त्यांचा आधार एकच होता: किती पेशी मूळ पेशींसारख्या परिपक्व दिसतात. आजची वेल, मॉडरेट, पुअर ही विभागणी त्याच कल्पनेची नात आहे. तिची अडचण अशी की तोंडातील बहुसंख्य अर्बुदे ‘मॉडरेट’च्या खान्यात जाऊन बसतात, आणि एका खान्यात इतके जण बसले की त्या खान्याच्या नावावरून कोणाचे पुढे काय होणार हे सांगता येत नाही. शिवाय वेल आणि मॉडरेट यांच्या सीमेवरच्या स्लाइडवर दोन अनुभवी डोळ्यांचे एकमत होईलच असे नाही. म्हणून नॉर्वेतील ब्रायने आणि सहकार्‍यांनी १९८९ साली असा आग्रह धरला की सबंध अर्बुदाची सरासरी काढण्याऐवजी ते जिथे निरोगी ऊतीत घुसते आहे, ती सर्वांत खोलची आघाडी तपासावी: तिथे केराटिन किती, केंद्रके कितपत विस्कटलेली, घुसण्याची पद्धत कशी, आणि भोवती लिम्फोसाइट व प्लाझ्मा पेशींनी प्रतिकार किती केला. त्या पहिल्या मांडणीत विभाजन होत असलेल्या पेशींची मोजणीही होती. १९९२ च्या सुधारित मांडणीत ती वगळली गेली. पेशीविभाजनाचे सर्वांत जुने माप श्रेणीकरणातून असे बाहेर पडले, ही गोष्ट आपल्या दुसर्‍या प्रश्नाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता केआय-६७. जर्मनीतील कील शहरात १९८३ साली गेर्डेस आणि सहकार्‍यांनी हॉजकिन लिम्फोमाच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करताना एक असे प्रतिपिंड वर्णिले, जे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकालाच चिकटते आणि विश्रांत पेशीला सोडून देते. ‘केआय’ म्हणजे कील, आणि ६७ हा प्रयोगशाळेच्या ज्या तबकडीत ते प्रतिपिंड तयार झाले तिच्यातील खाचेचा क्रमांक. एवढाच त्या नावाचा अर्थ आहे. आरंभी हे काम गोठवलेल्या ताज्या ऊतीवरच होत असे. पुढे एमआयबी-१ हे प्रतिपिंड आल्यावर ते पॅराफिनच्या जुन्या ब्लॉकवरही होऊ लागले आणि त्यानंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला.

हे प्रथिन चक्रातील सर्व टप्प्यांत कमीअधिक प्रमाणात असते, फक्त विश्रांतीच्या अवस्थेत नसते. म्हणून ४० टक्के याचा अर्थ इतकाच की मोजलेल्या शंभर अर्बुदपेशींपैकी चाळीस त्या क्षणी चक्रात होत्या. एस.टी. स्टँडवर किती गाड्यांची इंजिने चालू आहेत हे मोजले, तर कोणती गाडी किती वेगाने जाणार आणि कोणत्या गावाला जाणार हे कळत नाही. तसेच चक्र एका दिवसात पूर्ण होणार की चार दिवसांत, आणि जन्मलेल्या पेशींपैकी किती मरणार, हे केआय-६७ सांगत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाढणे आणि पसरणे ही पेशीची दोन वेगळी कामे आहेत. तोंडाच्या कर्करोगात रुग्णाला धोका प्रामुख्याने आत घुसण्याने आणि मानेत उतरण्याने होतो.

आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेच्या आकड्यात दिसत नाही, स्लाइडवर दिसते. निरोगी तोंडाच्या उपकलेतही केआय-६७ उमटतेच, परंतु ते तळाच्या आणि तळालगतच्या थरांपुरते राहते, कारण तोंडाची त्वचा सतत झिजत आणि नव्याने बनत असते. वेल डिफरन्शिएटेड अर्बुदात प्रत्येक बेटाच्या कडेला तपकिरी केंद्रकांची माळ दिसते आणि मधला केराटिनचा मोती कोरा राहतो. अर्बुद जसजसे अपरिपक्व, तसतशी ही शिस्त मोडून रंग सगळीकडे विखुरतो. हा नमुना मला आकड्यापेक्षा अधिक बोलका वाटतो.

स्तनाच्या कर्करोगाची तुलना मनातून काढून टाका. तिथे केआय-६७ वर अनेक वर्षे आंतरराष्ट्रीय काम झाले असून, तरीही ५ टक्के किंवा त्याहून कमी आणि ३० टक्के किंवा त्याहून जास्त या दोन टोकांनाच भरवशाचे मानतात. मधला पट्टा धूसरच आहे. पचनमार्गाच्या न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके बनवणार्‍या पेशींच्या) अर्बुदांत तर ३ आणि २० टक्के या रेषांवरच ग्रेड ठरतो. तोंडाच्या स्क्वॅमस कार्सिनोमासाठी अशी कोणतीही सर्वमान्य रेषा नाही, आणि ४० टक्के हा आकडा या रोगात मुळीच वावगा नाही. ‘वेग अधिक’ हा शेरा कोणत्या रेषेच्या आधारे लिहिला, असे त्या प्रयोगशाळेला विचारले तर बहुधा उत्तर मिळणार नाही.

पी-१६ विषयी एक वाक्य: ते घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणूचा माग काढण्यासाठी वापरतात, खर्र्याच्या गालाच्या कर्करोगात त्याने काही ठरत नाही. पी-५३ आणि पीसीएनएनेही उपचार बदलणार नाहीत.

जुना तंत्रज्ञ

वरील उत्तराशी सहमत आहे. मी एका दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे स्लाइड तयार केल्या, म्हणून आकडा जिथे जन्मतो त्या जागेविषयी थोडे लिहितो.

आमच्याकडे पूर्वी केआय-६७ चे प्रतिपिंड परवडत नसे, तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थी एजीएनओआर ही चांदीच्या रंगाची तपासणी करत. केंद्रिकेच्या (केंद्रकातील लहान गोळ्याच्या) ज्या भागांत रायबोसोमची जनुके असतात, त्यांच्याशी निगडित प्रथिने चांदी पकडतात. पेशी जितकी कामात, तितके काळे ठिपके अधिक आणि बारीक. पन्नास टक्के सिल्व्हर नायट्रेटचे दोन भाग, फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवलेल्या जिलेटिनचा एक भाग, अंधार्‍या खोलीत अर्धा तास, आणि मग शंभर केंद्रकांतील ठिपके मोजायचे. काचसामान किंचित अस्वच्छ असले, पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलेले नसले, तर चांदीचा साका स्लाइडभर बसे आणि ठिपका कोणता व कचरा कोणता हे ओळखता येत नसे. फोकस थोडा खालीवर केला तरी दोनाचे तीन ठिपके होत. एकाच स्लाइडवर सकाळी आणि दुपारी वेगळी सरासरी काढलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी दोष देत नाही.

केआय-६७ त्या मानाने सुबक आहे, परंतु त्यालाही हात लागतातच. ऊती फॉर्मॅलिनमध्ये पडायला किती वेळ लागला, तिथे किती तास राहिली, सिट्रेटच्या द्रावणात उकळून प्रतिजन नीट उघडले गेले की नाही, या प्रत्येक पायरीवर आकडा हलतो. फॉर्मॅलिनमध्ये सहा तासांपेक्षा कमी किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या ऊतीवर मी स्वतः विश्वास ठेवत नाही. तोंडाच्या नमुन्यात हाडही असते. हाड मऊ करण्यासाठी तो ब्लॉक आम्लात ठेवलेला असेल, तर केंद्रकातील रंग फिका येतो आणि आकडा खोटाच कमी निघतो. म्हणून मार्करसाठी हाडाविना असलेला ब्लॉक निवडायला हवा; बाहेरच्या प्रयोगशाळेला हे कोणी सांगितलेले नसते.

याउलट आकडा खोटाच वाढण्याचेही एक कारण आहे. गालाच्या कर्करोगाभोवती लिम्फोसाइटांची गर्दी असते, त्यांतल्या पुष्कळ पेशी स्वतः विभाजनात असतात आणि त्यांची केंद्रकेही तपकिरी होतात. मोजणारा घाईत असेल, किंवा संगणकाला अर्बुदाची सीमा आखून दिली नसेल, तर ही सैन्याची माणसे शत्रूच्या हजेरीत धरली जातात. त्यात मोजणी सर्वांत गडद पट्ट्यात केली की सगळीकडची सरासरी घेतली, यावर २५ चे ४० होऊ शकतात. आपल्या अहवालात किती पेशी मोजल्या, कोणत्या भागात मोजल्या आणि टॉन्सिलचा नियंत्रक नमुना (रंग नीट बसला का हे ताडण्यासाठी सोबत रंगवलेली ऊती) लावला होता का, हे लिहिले आहे का ते पाहा. लिहिले नसेल तर तो आकडा मी पेन्सिलीने लिहिलेला समजेन.

मान-जबडा (शस्त्रक्रिया)

वणीकर, आपल्या अहवालात सर्वांत महत्त्वाची ओळ केआय-६७ ची नाही आणि ग्रेडचीही नाही. ‘३१ पैकी १ गाठ बाधित’ ही ती ओळ आहे, आणि आपण ती दिली खरी, पण तिच्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही. याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही. टक्केवारी डोळ्यांत भरते, आणि शून्य नसलेला ‘एक’ मात्र लहान दिसतो.

तोंडाच्या कर्करोगात मानेत रोग उतरला की नाही, या एका गोष्टीने पुढची वाटचाल जितकी बदलते तितकी दुसर्‍या कशानेही बदलत नाही. आपल्या वडिलांच्या मानेत हाताला काही लागत नव्हते, तरीही त्याच वेळी मान साफ केली म्हणून ती गाठ सापडली. हा निर्णय अंदाजाने घेतलेला नसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये लहान अर्बुद आणि हाताला न लागणारी मान असलेल्या रुग्णांवर चिठ्ठी टाकून तुलना करण्यात आली होती: एका गटात मान लगेच साफ केली, दुसर्‍यात गाठ दिसू लागल्यावर. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, तर दुसर्‍यात ६७.५ टक्के होते. आपल्या सर्जननी त्याच मार्गाने काम केले आहे.

दुसरी ओळ खोलीची. रोगाचा टप्पा ठरवणार्‍या टीएनएम स्टेजिंगच्या (टी म्हणजे अर्बुद, एन म्हणजे गाठी) २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत अर्बुदाच्या रुंदीबरोबर खोलीही धरली जाते. शेजारच्या निरोगी उपकलेच्या तळपडद्याची रेषा कल्पून तिथून ओळंबा सोडावा, तशी ही खोली मोजतात. वर आलेला फुगवटा तिच्यात धरत नाहीत आणि खड्डा पडलेला असला तरी मोजणी त्या कल्पित रेषेपासूनच होते. ५ मिलिमीटरपर्यंत एक, ५ ते १० दुसरा, १० च्या पुढे तिसरा, अशा पायर्‍या आहेत. २.८ सेंटिमीटर आणि ८ मिलिमीटर, म्हणून पीटी-२. ३ सेंटिमीटरपेक्षा लहान एकच गाठ, त्याच बाजूची, आवरण शाबूत, म्हणून पीएन-१. दोन्ही मिळून तिसरा टप्पा. या सबंध गणितात ग्रेडला जागा नाही आणि केआय-६७ लाही नाही.

गाठ बाधित असल्याने रेडिओथेरपीचा विचार होतो आणि आमच्या बैठकीत असा रुग्ण आला तर बहुतेक वेळा ती दिली जाते. त्याबरोबर केमोथेरपी लागेल का, तर सध्याच्या अहवालावरून नाही. २००४ साली युरोप आणि अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या एकत्रित अभ्यासातून किरणोपचारांना सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध जोडण्याचा लाभ मुख्यतः दोन प्रकारच्या रुग्णांत दिसला: गाठीच्या आवरणाबाहेर रोग गेलेला, किंवा कापलेल्या कडेवर रोग राहिलेला. आपल्याकडे दोन्ही नाहीत. ७ मिलिमीटरची मोकळी कड ही चांगली बातमी आहे.

आता वेळेचा मुद्दा. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हावेत, असा दंडक आहे. आपले २६ दिवस झाले, म्हणजे १६ उरले. आणि त्यांतच दातांची तपासणी, न वाचणार्‍या दाढा काढून जखम भरण्यास दोन आठवड्यांच्या जवळपास अवधी, चेहर्‍याचा साचा आणि नियोजनाचा सीटी स्कॅन हे सगळे बसवायचे आहे. किरणोपचारांनंतर दाढ काढली तर जबड्याचे हाड सडण्याचा धोका असतो, म्हणून दंतवैद्यांची भेट उद्याच घ्या. मार्करची वाट पाहण्यात गेलेले दिवस या हिशेबातून वजा होत आहेत.

विभाजनरेषा (अध्यापन)

वरच्या उत्तरांतील व्यावहारिक सल्ला पूर्णपणे मान्य आहे. तरीही वाचणार्‍या विद्यार्थ्यांचा असा समज होऊ नये की पेशीविभाजनाचे मार्कर ही नुसती प्रबंधांची भरताड आहे, म्हणून थोडी असहमती नोंदवतो.

एक. ग्रेड वाढतो तशी केआय-६७ ची सरासरीही वाढते, हे पुष्कळ ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसले आहे. प्रबंधात तीन उभे स्तंभ काढले की ते पायर्‍यांसारखे चढत जातात आणि परीक्षक समाधानी होतात. पण त्याच प्रबंधातील एकेक रुग्णाचा ठिपका मांडला, तर वेल गटातील वरचे ठिपके पुअर गटातील खालच्या ठिपक्यांच्या वर निघतात. गटाविषयी जे खरे असते, ते एका माणसाला लावता येत नाही. आपले बहुसंख्य प्रबंध इथे थांबतात ही माझी तक्रार आहे. रुग्णाचे पाच वर्षांनी काय झाले हे शोधण्याचे कष्ट घेतले जात नाहीत, कारण तीन वर्षांत पदवी हवी असते. दोष मार्करचा कमी आणि आमचा अधिक आहे. माझाही धरून.

पीसीएनए आता मागे पडले आहे आणि ते योग्यच झाले. ते प्रथिन डीएनए दुरुस्तीच्या कामातही भाग घेते आणि चक्र संपल्यावरही पेशीत रेंगाळते, त्यामुळे जी पेशी विभाजनात नाही तीही रंगते.

दोन. मार्करचा खरा उपयोग कर्करोग झाल्यानंतरच्यापेक्षा आधीच्या अवस्थेत मला अधिक दिसतो. पांढर्‍या चट्ट्याचा तुकडा येतो, डिस्प्लेसिया (कर्करोगाआधीचा पेशींतील बिघाड) आहे की सूज व घर्षणामुळे पेशी विचलित झाल्या आहेत असा पेच पडतो, आणि केआय-६७ तळाचे थर सोडून उपकलेच्या वरच्या अर्ध्या भागात चढलेले दिसते. त्या वेळी ते निदानाला टेकू देते, निर्णय मात्र नेहमीच्या रंगांच्या (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) स्लाइडचाच असतो. विदर्भ-मराठवाड्यात सुपारीमुळे तोंड कमी उघडणारे सबम्यूकस फायब्रोसिसचे इतके रुग्ण आहेत की असे काम आपल्याकडेच व्हायला हवे. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये उपकला पातळ झालेली असते, त्यामुळे ‘वरचा अर्धा भाग’ म्हणजे दोनतीन थर उरतात आणि वाचन अवघड होते, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

तीन, आणि हे वणीकरांसाठी. पेशीविभाजन आपल्या वडिलांच्या उपचारांत महत्त्वाचे आहेच, पण वेगळ्या ठिकाणी. किरणोपचार साधारणतः सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. विदर्स आणि सहकार्‍यांनी १९८८ साली दाखवून दिले की उपचार सुरू झाल्यानंतर सुमारे चौथ्या आठवड्यापासून, वाचलेल्या अर्बुदपेशी पूर्वीपेक्षा जलद वाढू लागतात; मारलेल्या जागा भरून काढण्याचाच तो प्रयत्न असतो. तोंड आल्यामुळे, गिळता न आल्यामुळे रुग्ण नेमके त्याच सुमारास खाडे करू लागतात. यंत्र बंद पडले, सण आला, गावी लग्न निघाले, अशी कारणे त्यात भर घालतात. तेव्हा ४० टक्के या आकड्याची चिंता करण्यात जी शक्ती जाते आहे, ती चौथ्या-पाचव्या आठवड्यात एकही खाडा होऊ न देण्यासाठी राखून ठेवा. लागलीच तर नाकातून अन्न देण्याची नळी घालून घ्यायची मनाची तयारी आताच करा.

वणीकर

सर्वांचे मनापासून आभार. ‘एक गाठ’ ही ओळ मी खरोखरच नजरेआड केली होती. ३१ पैकी ३० चांगल्या, असेच आम्ही घरी सर्वांना सांगत होतो. आज सकाळी फोन करून परवाची रेडिओथेरपीची वेळ घेतली आहे आणि उद्या दंतवैद्यांकडे जात आहोत. दुसर्‍या प्रयोगशाळेच्या अहवालात किती पेशी मोजल्या ते लिहिलेले नाही, नियंत्रक नमुन्याचाही उल्लेख नाही. पी-५३ साठी भरलेले पैसे परत मागितले आहेत. एकच विचारायचे राहिले: ब्लॉक अजून त्यांच्याकडेच आहेत. ते परत आणणे गरजेचे आहे का, की तिथेच राहू द्यावेत?

स्लाइडवाचक

परत आणाच, आणि ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथल्या विकृतिशास्त्र विभागात जमा करून पोच घ्या. देताना ब्लॉकवरील क्रमांक अंतिम अहवालातील क्रमांकाशी जुळवून पाहा; बाधित गाठीचा ब्लॉक त्यांत आहे याची विशेष खात्री करा. पुढे कधी स्लाइड पुन्हा वाचायची वेळ आली, किंवा आवरणाबाहेरच्या प्रसाराविषयी रेडिओथेरपी विभागाला शंका आली, तर त्याच ब्लॉकवरून नवे काप घ्यावे लागतात. पॅराफिन उन्हात वितळते, म्हणून वणीच्या या दिवसांत ते गाडीच्या डिकीत ठेवू नका.